श्रावणात सोलर थंड, गिझरचं बिल गरम! हीट पंप घ्यायचा का? आधी घरातल्या बादल्या मोजा

वेरूळ (ता. खुलताबाद) : श्रावणी सोमवारची पहाट. घृष्णेश्वराच्या दर्शनाला लांबून आलेली मंडळी लॉजवर, भक्तनिवासात, कुणाच्या माडीवरच्या दोन-तीन खोल्यांत उतरलेली असतात. दर्शनाआधी अंघोळ झाली पाहिजे आणि रांग तर अंधारातच लागते. मग एकामागून एक दार वाजतं. "दादा, गरम पाणी आलं नाही अजून."

वर गच्चीवर सोलर आहे, पण चार दिवस सूर्यच दिसलेला नाही. मग तीन गिझर एकदम चालू होतात, एमसीबी पडते, परत वर करायची, परत पडते. पुढच्या महिन्यात बिल येतं तेव्हा पाहुण्यांकडून आलेले पैसे आणि बिलाचा आकडा शेजारी ठेवून बघायची हिंमत होत नाही.

हे ज्यांनी भोगलंय ते हल्ली एक प्रश्न विचारतात. शहरात हॉटेलवाले 'हीट पंप' बसवतात, तो आपल्या घराला चालेल का? दुकानदार सांगतो, तीन पट वीज वाचते. खरं आहे का? त्याचं बोलणं बरंचसं खरं आहे. पण तेवढ्यानं तो प्रत्येक घराला परवडतो असं होत नाही. कुणाला परवडतो आणि कुणाला नाही, हे घरबसल्या काढता येतं. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर पुरे.

हे यंत्र करतं काय?

फ्रिजच्या मागच्या बाजूला हात लावून बघितला असेल. गरम लागते. फ्रिज आतल्या दुधाची, भाजीची उष्णता उचलतो आणि मागं बाहेर टाकतो. हीट पंप म्हणजे हाच फ्रिज, फक्त काम उलटं. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढतो आणि पाण्याच्या टाकीत सोडतो. हवा थंड होऊन बाहेर पडते, पाणी तापतं.

गार हवेत कसली आली उष्णता, असं वाटणं साहजिक आहे. पण यंत्राच्या नळीत जो गॅस असतो (स्वयंपाकाचा नव्हे, फ्रिज-एसीत भरतात तसला) तो बाहेरच्या हवेपेक्षाही थंड केलेला असतो. त्यामुळं वीस अंशांची हवासुद्धा त्याला गरमच लागते आणि तो तिच्यातली उष्णता घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दाबला की तो तापतो. सायकलीत हवा भरताना पंपाची नळी खालच्या टोकाला चटका देते, तेच हे. तापलेला गॅस टाकीभोवतीच्या नळीतून फिरतो, पाण्याला उष्णता देतो, गार होतो आणि पुन्हा फेरीला निघतो.

वीज लागते ती फक्त कॉम्प्रेसर आणि छोटा पंखा फिरवायला. उष्णता हवेतून फुकट येते. म्हणून १ युनिट वीज खर्चून ३ युनिटांएवढी उष्णता पाण्यात जाते. गिझर किंवा रॉड १ युनिट खाऊन फार तर १ युनिटाचीच उष्णता देणार, तो कितीही भारी कंपनीचा असो. ५ स्टारचा गिझर चांगला म्हणजे काय, तर तापवलेलं पाणी तो जास्त वेळ गरम ठेवतो. तापवायला लागणारी वीज तेवढीच.

या तीन पटीच्या आकड्याला माहितीपत्रकात 'सीओपी' म्हणतात. कल्पना जुनी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्येच ती मांडली होती. जपानमध्ये २००१ पासून 'इकोक्यूट' नावानं घरगुती हीट पंप विकले जातात आणि तिथं घरोघरी पोचलेत. आपल्याकडं मोठी हॉटेलं, दवाखाने, वसतिगृहं यांनी आधी घेतले. घरांसाठीची छोटी यंत्रं आता कुठं दुकानात दिसायला लागलीत.

आपल्या हवेत चालेल का?

या बाबतीत वेरूळचं हवामान आपल्या बाजूनं आहे. बाहेरची हवा जितकी उबदार तितकं हे यंत्र कमी वीज खातं. युरोपात बर्फ पडतो तिथंही लोक ते वापरतात. आपल्याकडं पावसाळ्यात दिवसाची हवा पंचवीस-तीस अंशांच्या आसपास असते. शिवाय ती दमट असते. दमट हवा यंत्राच्या थंड जाळीवर आली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि वाफेतली उष्णताही यंत्राला मिळते. म्हणजे आभाळ भरलेलं, सोलर बंद आणि गावात गर्दी, असे जे श्रावणातले दिवस, तेच या यंत्राचे चांगले दिवस.

थंडीत गणित थोडं बिघडतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं पहाटेचा पारा कधी कधी दहाच्याही खाली उतरतो. त्या वेळी यंत्र चालवलं तर तीन पटीऐवजी अडीच पट, कधी त्याहून कमी मिळेल आणि वेळही जास्त लागेल. पण त्याच दिवशी दुपारी दोनला हवा पंचवीसच्या पुढं असते. टाकी चांगली असेल तर दुपारी तापवलेलं पाणी पहाटेपर्यंत तीन-चार अंशच उतरतं. म्हणून टायमर दुपारी १२ ते ४ लावायचा आणि पहाटे फक्त नळ सोडायचा. गिझरची सवय असलेल्या माणसाला हे पचत नाही, तो पहाटे उठून बटण दाबतो. हीट पंप घेतला तर ही सवय मोडावी लागते.

दुपारचा आणखी एक फायदा. नवा टीओडी मीटर बसलेल्या घरांना दिवसाच्या ठरावीक तासांतल्या विजेवर महावितरणकडून सवलत मिळते. तुमच्या बिलावर ती दिसते का ते बघा. आणि पीएम सूर्यघर योजनेतून छतावर सोलर पॅनल बसवले असतील, तर दुपारी घरचीच वीज यंत्राला जाते. या योजनेत २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागं ३० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८ हजार रुपये अनुदान ठरवलेलं आहे. ज्यांचं पॅनल घ्यायचं चाललंय त्यांनी आधी पॅनल घ्यावं, हीट पंपाचं नंतर बघावं, असं मला वाटतं. पॅनल घरातल्या सगळ्याच गोष्टींची वीज वाचवतं.

बादल्यांचा हिशोब

आता मुद्द्यावर येऊ. सूत्र सोपं आहे. पाणी किती लिटर, ते किती अंश तापवायचं, या दोन आकड्यांचा गुणाकार करा आणि ८६० नं भागा. जेवढे येतील तेवढे युनिट उष्णता लागते.

समजा, घरात ५ माणसं. एकाला अंघोळीला २० लिटरची एक बादली. पाणी २२ अंशांचं, अंघोळीला हवं ४२ अंशांचं. म्हणजे १०० लिटर गुणिले २० अंश, भागिले ८६०. उत्तर साधारण सव्वादोन-अडीच युनिट. गिझरमधली गळती धरून २.६ युनिट म्हणू. हीट पंपाला याच कामाला गळतीसकट साधारण ०.९ युनिट लागेल. वाचले रोजचे १.७ युनिट.

एका युनिटाला किती पैसे धरायचे? इथं बरेच जण चुकतात. ते एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागतात. पण महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे असतात. पहिल्या १०० युनिटांना कमी, १०१ ते ३०० ला बराच जास्त, ३०० च्या पुढं त्याहून जास्त. वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातलं वाचतं. म्हणून तुमचं बिल ज्या टप्प्यात संपतं त्या टप्प्याचा दर धरा, त्यात वहन आकार मिळवा आणि वर १६ टक्के वीज शुल्क. हिशोबापुरते मी युनिटाला १२ रुपये धरतो. तुम्ही तुमच्या बिलावरचा आकडा घाला.

१.७ युनिट म्हणजे रोजचे २० रुपये. वर्षातून २०० दिवस गरम पाणी वापरलं तर ४ हजार रुपये. उन्हाळ्यात तर गच्चीवरच्या टाकीतलंच पाणी चटके देतं, तेव्हा काही वाचत नाही. छोटा हीट पंप साध्या गिझरपेक्षा ६० हजार रुपयांनी महाग पडला असं धरलं, तर पैसे वसूल व्हायला १५ वर्षं. तोवर यंत्रच म्हातारं होईल. ज्यांचं बिल १०० युनिटांच्या आतच राहतं त्यांना तर याच्याही दुप्पट काळ. अशा घरानं हीट पंपाच्या नादी लागू नये. कडक उन्हाचे आठ महिने असलेल्या आपल्या भागात त्या घराला १०० लिटरचा सोलर आणि पावसाळ्यापुरता छोटा गिझर हीच जोडी स्वस्त.

आता दुसरं घर घ्या. घरची ५ माणसं, वर तीन-चार खोल्या भाविकांना आणि लेणी बघायला येणाऱ्यांना दिलेल्या. भरलेल्या दिवशी १२ पाहुणे, म्हणजे १७ बादल्या, ३४० लिटर. त्याच सूत्रानं जवळजवळ ८ युनिट. तीन गिझरमध्ये मिळून साडेआठ, हीट पंपात ३. रोज साडेपाच युनिट, म्हणजे ६६ रुपये वाचले. खोल्या रोज भरत नाहीत. श्रावण, महाशिवरात्र, दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या, शनिवार-रविवार मिळून १५० दिवस भरल्या असं धरू. मंगळवारी तर लेणीच बंद असतात. १५० दिवसांचे ९,९०० आणि बाकीच्या शंभरेक दिवसांचे घरापुरते २ हजार. वर्षाला १२ हजारांच्या आसपास.

२०० लिटरचा हीट पंप पाइप-फिटिंगसह एक लाखाला पडला असं समजा. कोटेशन दोन-तीन ठिकाणांहून घ्या, किमतीत बराच फरक असतो. नवीनच बांधकाम असेल आणि तीन गिझरचे २५ हजार वाचत असतील, तर सहा-साडेसहा वर्षांत पैसे सुटतात. गिझर आधीच बसलेले असतील तर आठ वर्षं. चांगल्या यंत्राचं आयुष्य याहून जास्त असायला हवं. हा सौदा करण्यासारखा आहे, पण दुकानदार म्हणतो तसा 'दोन वर्षांत फुकट' मात्र नाही.

एकत्र कुटुंब असेल, घरात दहा-बारा माणसं, लहान मुलं, म्हातारी माणसं, वर्षभर सगळ्यांना गरम पाणी लागत असेल, तर उत्तर या दोन घरांच्या मधे कुठंतरी येईल. त्यांनी स्वतःच्या बादल्या एक आठवडा मोजाव्यात. अंदाज आणि मोजणी यांत हमखास फरक पडतो. आमच्या घरी मी सात बादल्या धरल्या होत्या, मोजल्या तर अकरा निघाल्या. भांड्यांना लागणारं कोमट पाणी मी धरलंच नव्हतं.

खोल्या भाड्यानं देत असाल तर मीटरला घरगुती दर लागतो की व्यावसायिक, हेही महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. त्यानं सगळा हिशोब बदलतो.

गॅस गिझर आणि बंब

सूत्र तेच. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. गॅस गिझरवर पाच माणसांच्या घराला तो साधारण दोन महिने पुरतो. सिलिंडर नऊशे रुपयांचा धरला तर रोजचे १५ रुपये पडतात. विजेच्या गिझरला याच कामाला ३१ रुपये, हीट पंपाला ११. म्हणजे रोजच्या खर्चात गॅस वाईट नाही. पण बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणसाला गुंगी येते आणि दार आतून बंद असतं. गॅस गिझर लावायचाच तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. पाहुण्यांच्या खोल्यांना तो नकोच, आणि घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं कायद्यातही बसत नाही.

बंबाला नावं ठेवायची नाहीत. पऱ्हाट्या, तुराट्या शेतातूनच येतात, पाणी झकास तापतं. फक्त धुरात कोण बसतं तेवढं एकदा घरात बघा. पाण्यात सोडायचा रॉड मात्र शक्य तितक्या लवकर बंद करा. चालू रॉडच्या बादलीत हात घालून शॉक लागल्याचं गावोगाव ऐकायला मिळतं.

आपला खरा शत्रू : बोअरचं पाणी

लेणी ज्या काळ्या दगडात कोरली त्याच दगडातून आपल्या बोअरचं पाणी येतं. या बेसाल्टमधून झिरपताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, तव्यावर पांढरे डाग राहतात. तापवलं की हे क्षार खाली बसतात. जुना रॉड बघा, चुन्याचं पांढरं कवच चढलेलं दिसेल. लाखाच्या यंत्रातही तेच होणार.

म्हणून यंत्र बघायला जाल तेव्हा रंग आणि डिस्प्ले राहू द्या. आधी हे विचारा : उष्णता देणारी नळी टाकीच्या बाहेरून गुंडाळलेली आहे, की पाणी यंत्रातल्या बारीक जागेतून फिरवून आणलं जातं? बाहेरून गुंडाळलेली असेल तर क्षार टाकीच्या तळाशी बसतात, वर्षातून एकदा तळाचा व्हॉल्व्ह उघडून काढून टाकता येतात. बारीक जागेतून पाणी फिरत असेल तर तीच जागा चोंदते आणि मेकॅनिक बोलवावा लागतो. आपल्या पाण्याला पहिला प्रकार बरा. सोलरमध्येही असंच आहे. तांब्याच्या बारीक नळ्यांचा साधा सपाट सोलर जड पाण्यानं चोंदतो, काचेच्या मोठ्या नळ्यांचा जास्त टिकतो.

टाकीत एक मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीचा पत्रा गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, पाणी खारट असेल तर आधीच. कांडीची किंमत फार नसते, पण ती बदलायची असते हे कुणी सांगत नाही आणि टाकी फुटली की वॉरंटीच्या अटी दाखवतात. त्या अटींत पाण्याच्या जडपणाची किंवा क्षारांची मर्यादा बहुतेक वेळा बारीक अक्षरात लिहिलेली असते. ती आधी वाचा आणि पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. अहवालात 'एकूण कठीणता' बघायची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ती लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली मानतात, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमचा आकडा वरच्या टोकाला असेल तर आधी पाणी मऊ करणारं यंत्र लागेल, आणि तो खर्चही हिशोबात धरा. विक्रेता पेनासारखा टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो, त्यावर जाऊ नका. टीडीएस आणि कठीणता या दोन वेगळ्या गोष्टी.

तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवा. जास्त तापवलं की क्षार जास्त बसतात आणि यंत्राला वीजही जास्त लागते. आठवड्यातून एकदा मात्र ६० पर्यंत नेऊ द्या, कारण कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढू शकतात. बऱ्याच यंत्रांत ही सोय आपोआप असते.

घेताना काय बघायचं

टाकी किती मोठी? अंघोळीचं पाणी ४२ अंशांचं आणि टाकीतलं ५५ चं, म्हणजे टाकीतल्या गरम पाण्यात गार पाणी मिसळून बादली भरते. त्यामुळं ३४० लिटर अंघोळीच्या पाण्याला २०० लिटरची टाकी पुरते. पाच माणसांच्या घराला ६०-७० लिटर गरम पाणी खूप झालं. मोठी टाकी घेतली तर उरलेलं पाणी रोज फुकट निवतं.

मोठ्या अक्षरात छापलेल्या सीओपीवर भाळू नका. विचारा, तो किती अंशांच्या हवेत मोजला? पाणी किती अंशांपासून किती अंशांपर्यंत तापवलं? तीस अंशांच्या हवेत पाणी चाळीसपर्यंत तापवलं तर कुणाचाही आकडा छान दिसतो. आपल्याला विशीच्या पुढच्या हवेत ५५ अंशांपर्यंतचा आकडा हवा. तो कागदावर लिहून मागा.

आत जादा रॉड आहे का, आणि तो कधी चालू होतो? बहुतेक यंत्रांत मदतीला एक साधा हीटर असतो. यंत्राला वेळ लागतो. २०० लिटर पाणी २२ वरून ५५ ला न्यायला साधारण तीन तास. घाई झाली की लोक 'फास्ट' बटण दाबतात, रॉड चालू होतो, आणि हीट पंपाचे पैसे भरून तुम्ही गिझरच वापरत असता. हे बटण पाहुण्यांच्या हाती लागू देऊ नका.

मीटरवरचा भार कमी होतो, हा फायदा मात्र कुणी सांगत नाही. तीन गिझर एकदम लागले की ६ किलोवॉट. घरगुती हीट पंप बहुतेक १ किलोवॉटच्या आतबाहेर. एमसीबी पडणं थांबतं.

पण कॉम्प्रेसरला व्होल्टेज लागतं. गावठाणात ठीक, शेतवस्तीवर संध्याकाळी दिवे पिवळे पडतात तिथं तो सुरूच होणार नाही, किंवा जळेल. आठ दिवस वेगवेगळ्या वेळी व्होल्टेज मोजून बघा. कमी असेल तर स्टॅबिलायझर, तोही कॉम्प्रेसरला झेपेल असा. अर्थिंग तपासलेलं हवं. एक गोष्ट मात्र वस्तीवाल्यांच्या सोयीची आहे. वीज दिवसा येवो की रात्री, तीन तास सलग मिळाली की टाकी दुसऱ्या दिवसापर्यंत गरम राहते.

जागा मोकळी हवी. बंद खोलीत ठेवलं तर तीच थंड हवा परत परत ओढून यंत्र दमतं. पंख्याचा आणि कॉम्प्रेसरचा आवाज येतो, झोपायच्या खिडकीखाली नको. जाळीवरून पाणी ठिबकतं, त्याला वाट काढा. २०० लिटरची भरलेली टाकी यंत्रासह पाव टनाच्या पुढं जाते. पत्र्यावर अजिबात नको, स्लॅबवर असेल तर खाली भिंत किंवा कॉलम आहे तिथंच. खाली जमिनीवर ओट्यावर ठेवलं तरी चालतं, फक्त पाण्याची मुख्य टाकी त्याच्या वर हवी. गरम पाण्याच्या पाइपला फोमची नळी चढवा. टाकीपासून बाथरूम चाळीस फूट लांब असेल तर गरम पाणी येईपर्यंत दोन ते चार लिटर पाणी वाया जातं. एप्रिल-मेमध्ये टँकर येतो तेव्हा ते आठवतं.

शेवटचा प्रश्न दुरुस्तीचा. कंपनीचा माणूस छत्रपती संभाजीनगरहून येणार, अंतर तीसेक किलोमीटर. तो किती दिवसांत येतो हे आधीच्या गिऱ्हाइकाला विचारा, दुकानदाराला नको. वॉरंटी कॉम्प्रेसरची वेगळी, टाकीची वेगळी, इलेक्ट्रॉनिक कार्डाची वेगळी असते. तिन्ही बिलावर लिहून घ्या. आणि यंत्रावर 'आर-२९०' लिहिलं असेल तर आतला गॅस पेट घेणारा आहे. तो पर्यावरणाला बरा आहे आणि यंत्रही चांगलं चालतं, पण गावातल्या फ्रिजवाल्याला ते उघडू देऊ नका.

ज्यांच्या खोल्या श्रावणासाठी आत्तापासून बुक होतायत त्यांनी जुने गिझर लगेच भंगारात घालू नयेत. एक गिझर एका खोलीत राहू द्या. पहिल्या वर्षी यंत्र बंद पडलं आणि मेकॅनिक मंगळवारी येतो म्हणाला, तर सोमवारच्या पहाटेचं पाणी त्याच गिझरवर तापवायचंय.